समोरचा संघ ‘हो’ का म्हणेल?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. लॅपटॉपवर ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ सुरू आहे. खेळणाऱ्याने पिट्सबर्ग पायरेट्सचा संघ चालवायला घेतलाय आणि त्याला एक अव्वल शॉर्टस्टॉप हवाय. ट्रेडच्या पडद्यावर तो आपल्या बाजूला तेवीस वर्षांचा एक साधारण पिचर ठेवतो. समोरचा संघ नाही म्हणतो. मग तो एक राखीव कॅचर वाढवतो, मग खालच्या लीगमधला एक आउटफिल्डर, मग आणखी एक पिचर. चौथ्या नावाला संगणक राजी होतो आणि एका शहराचा सगळ्यात लाडका खेळाडू पिट्सबर्गला येतो. बदल्यात गेलेल्या चौघांपैकी दोघांना पायरेट्स पुढच्या महिन्यात सोडूनच देणार होते.

असे तीन-चार सौदे जमले की संघ हंगामात १२० सामने जिंकायला लागतो. खऱ्या मेजर लीगमध्ये एका हंगामात ११६ विजयांच्या पुढे आजवर कुणी गेलेलं नाही. १९०६ चे शिकागो कब्ज आणि २००१ चे सिअ‍ॅटल मरिनर्स, दोघेही तिथेच थांबले. खेळातला १२० विजयांचा संघ पहिल्या वर्षी मजा देतो, दुसऱ्या वर्षी जड होतो आणि तिसऱ्या वर्षी ती सेव्ह केलेली फाइल कुणी उघडत नाही. संघ चालवण्याच्या खेळात सगळी गोडी टंचाईची असते. कॅचर चांगला मिळाला तर पिचिंगला पैसे उरत नाहीत, आजचा हंगाम वाचवला तर उद्याचा मुलगा हातातून जातो. ही ओढाताणच काढून टाकली तर उरतात नुसते आकडे.

दोष संगणकाचा आहे तसाच वापरणाऱ्याचाही. गेम प्रत्येक खेळाडूला एक किंमत लावतो आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की होकार देतो. ही बेरीज फसवायला फार हुशारी लागत नाही. म्हणून संगणकाचा होकार ही सौद्याची सुरुवात धरावी आणि पुढचा प्रश्न खेळणाऱ्याने स्वतःच विचारावा: समोरच्या संघाच्या कचेरीत बसलेला शहाणा माणूस याला ‘हो’ का म्हणेल? उत्तर एका वाक्यात सांगता आलं तर सौदा पटण्यासारखा आहे. सांगता येत नसेल तर पडदा बंद करावा.

मराठी वाचकाला खेळाडूंची अदलाबदल आयपीएलमुळे ओळखीची झाली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पांड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परतला, तो पूर्णपणे रोख व्यवहार होता. बेसबॉलमधला हिशेब मात्र वेगळ्या पायावर उभा असतो. आयपीएलमध्ये काही वर्षांनी मोठा लिलाव येतो आणि जवळजवळ सगळी मांडणी मोडते, त्यामुळे खेळाडूवरचा हक्क फार लांबचा नसतो. मेजर लीगमध्ये लिलाव नाही. तिथे संघाला खेळाडूवर मिळतात ती वर्षं, आणि बाजारात खरी विकली जातात तीही वर्षंच.

ही गोष्ट नीट समजली की अर्धं काम झालं. मेजर लीगमध्ये आलेल्या खेळाडूवर संघाचा साधारण सहा वर्षं ताबा असतो. त्यात एक वर्ष म्हणजे १७२ दिवस मेजर लीगच्या हजेरीपटावर. पहिली तीन वर्षं पगार किमान पातळीच्या आसपास, २०२५ मध्ये ही पातळी ७ लाख ६० हजार डॉलर होती. पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशनची, म्हणजे दरवर्षी कामगिरी पाहून पगार ठरतो आणि चढत जातो. सहा वर्षं भरली की तो फ्री एजंट, हवं तिथे जायला मोकळा. आता एकाच तोलाचे दोन शॉर्टस्टॉप घ्या. एकाची पाच वर्षं उरलीत आणि पगार किमान, दुसऱ्याचे तीन महिने उरलेत आणि पगार २ कोटी डॉलर. पडद्यावर दोघांपुढे ८८ हाच आकडा दिसतो. बाजारात मात्र पहिल्याच्या बदल्यात एखाद्या संघाच्या तरुण मुलांची अख्खी फळी येते आणि दुसऱ्याच्या बदल्यात एखादा बरा मुलगा. ‘एमएलबी द शो’ या दुसऱ्या गेमच्या फ्रँचायझी मोडमध्ये खेळाडूच्या एकूण गुणांचा आकडा ठळक असतो, शेजारी भविष्याच्या शक्यतेचं अक्षर असतं, आणि नजर तिथेच अडकते. ट्रेड करणाऱ्याने आधी कराराचं पान उघडावं, गुण नंतर पाहावेत.

याचा सगळ्यात स्वच्छ धडा हुआन सोटोने दिला आहे, कारण हा एकच खेळाडू सोळा महिन्यांत दोनदा विकला गेला.

२ ऑगस्ट २०२२. सोटो तेव्हा २३ वर्षांचा. वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला पंधरा वर्षांचे ४४ कोटी डॉलर देऊ केले होते, ते त्याने नाकारले. त्याच्यावर वॉशिंग्टनचा अजून अडीच हंगाम ताबा होता. इतका तरुण आणि इतका मोठा बॅटर बाजारात क्वचितच येतो. सॅन डिएगो पाद्रेसने तो उचलला, बरोबर पहिल्या बेसचा जॉश बेलही घेतला. बदल्यात दिले सहा जण: शॉर्टस्टॉप सी. जे. एब्रम्स, डावखुरा पिचर मॅकेंझी गोर, आउटफिल्डर रॉबर्ट हॅसेल, एकोणीस वर्षांचा जेम्स वूड, कोवळा पिचर हार्लिन सुसाना, आणि लूक व्हॉइट. यातला व्हॉइट सोडला तर बाकीचे पाच म्हणजे सॅन डिएगोच्या भविष्याचा गाभाच होता. एब्रम्स आणि वूड पुढे वॉशिंग्टनचे ऑल-स्टार झाले.

आता डिसेंबर २०२३. खेळाडू तोच, वय २५, बॅट तशीच तळपती. पण ताब्याचं एकच वर्ष उरलं होतं आणि त्या वर्षाचा पगार ३ कोटी डॉलरच्या वर जाणार हे उघड होतं (पुढे तो ३.१ कोटीला ठरला). पाद्रेसना पगाराचा बोजा उतरवायचा होता. त्यांनी सोटो आणि सेंटर फिल्डर ट्रेंट ग्रिशम न्यूयॉर्क यांकीजला दिले आणि घेतले मायकेल किंग, ड्रू थॉर्प, जॉनी ब्रिटो, रँडी वास्केझ हे चार पिचर आणि कॅचर काइल हिगाशिओका. उपयोगी माणसं आली, त्यातला किंग तर फार चांगला निघाला. पण जेम्स वूडच्या तोलाचं, ज्याच्यावर सहा वर्षं संघ बांधावा असं नाव त्या यादीत नव्हतं. न्यूयॉर्कला मिळालं ते एक वर्ष. त्या वर्षात यांकीज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले, आणि हंगाम संपताच सोटो फ्री एजंट होऊन मेट्सकडे गेला, पंधरा वर्षांच्या ७६.५ कोटी डॉलरच्या करारावर.

गेममध्ये मोठा सौदा करायला बसलेल्याने हे दोन व्यवहार शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. आपल्याला हव्या असलेल्या ताऱ्याचे अडीच हंगाम उरलेत की एक? उत्तर अडीच असेल तर आपल्या यादीतली पहिली दोन-तीन नावं जाणारच, त्याशिवाय समोरच्याने फोनसुद्धा उचलू नये. उत्तर एक असेल तर पहिलं नाव वाचवता येईल.

वर्षांच्या जोडीला पैसा येतो, आणि तो कधीकधी खेळाडूची किंमत शून्याच्या खालीही नेतो. नवख्याला हे पटत नाही. जियानकार्लो स्टँटनने २०१७ मध्ये मायामी मार्लिन्सकडून ५९ होम रन मारले, नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच डिसेंबरात मार्लिन्सने त्याला यांकीजला दिलं. बदल्यात काय आलं? स्टार्लिन कॅस्ट्रो आणि खालच्या लीगमधली दोन मुलं. शिवाय मार्लिन्सनेच वरून ३ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. कारण स्टँटनच्या १३ वर्षांच्या ३२.५ कोटींच्या करारातले दहा वर्षांचे २९.५ कोटी अजून शिल्लक होते. खेळाडूबरोबर हे ओझं उचलायला तयार असलेले संघ मोजके, त्यात स्टँटनकडे ट्रेड नाकारण्याचा हक्क. सॅन फ्रान्सिस्को आणि सेंट लुईस या दोन्ही शहरांना त्याने आधीच नकार दिला होता. गेममध्ये असा खेळाडू विकायला काढला आणि संगणकाने त्याच्यासाठी तीन अव्वल तरुण देऊ केले, तर तो संगणकाचा भाबडेपणा समजावा आणि घेऊ नये.

उलट बाजूने पैसा हे हत्यारही आहे. २०२३ च्या जुलै अखेरीला मेट्सने मॅक्स शेर्झर टेक्सास रेंजर्सला दिला, तेव्हा त्याच्या पगारातले ३.५ कोटी डॉलरहून अधिक स्वतः भरले. त्याबदल्यात त्यांना लुईसांजेल अकुन्या हा तरुण इन्फिल्डर मिळाला. दोनच दिवसांनी जस्टिन व्हर्लँडरच्या बाबतीत ह्यूस्टनबरोबर असाच व्यवहार झाला. उताराला लागलेला पिचर फुकटात घालवायचा नसेल तर त्याचा पगार आपण उचलायचा आणि बदल्यात मुलगा मागायचा, हा रस्ता खरा आहे. गेममध्ये पैशांची कलमं ट्रेडमध्ये जितकी घालता येतात त्या मर्यादेत तो वापरावा. श्रीमंत संघाने वापरला तर जास्त शोभतो. पिट्सबर्ग किंवा टॅम्पा चालवणाऱ्याने ३.५ कोटी असे उधळले तर ते खऱ्याला धरून नाही.

गरज हा तिसरा भाग, आणि यातच सगळ्यात देखणे सौदे घडतात. डिसेंबर २०२२ मध्ये टोरांटो ब्लू जेजकडे कॅचरांची चंगळ होती आणि आउटफिल्डमध्ये डावखुऱ्या बॅटरची गरज होती. ॲरिझोना डायमंडबॅक्सकडे डावखुरे आउटफिल्डर भरपूर, पण दीर्घकाळ विसंबावं असा कॅचर नाही. टोरांटोने गॅब्रिएल मोरेनो हा तरुण कॅचर आणि लुर्देस गुरियेल दिला, ॲरिझोनाने डॉल्टन वार्शो दिला. दहा महिन्यांनी ॲरिझोना वर्ल्ड सिरीजमध्ये होता आणि मोरेनो यष्टीमागे, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत प्लेटमागे. दोन्ही संघांची पानं समोर ठेवली तर असा सौदा शाळकरी मुलालाही सुचेल. गेममध्येही हाच उद्योग करावा. आधी समोरच्या संघाचा सगळा तक्ता वाचावा: कोणत्या जागी दोन चांगली माणसं एकमेकांच्या वाटेत उभी आहेत, कोणत्या जागी भोक आहे, खालच्या लीगमधून पुढच्या वर्षी कोण वर येतोय. आपल्याला हवा असलेला खेळाडू तिथे जास्तीचा ठरत असेल तरच पुढे जावं. संगणक कधीकधी एकुलता एक कॅचर द्यायलाही तयार होतो. माणूस तसं करणार नाही.

मग येतो काळ. जुलैअखेर हा गरजवंतांचा बाजार. त्या वेळी दर दोन कारणांनी चढतो: प्लेऑफ समोर दिसत असतात आणि पर्याय संपत आलेले असतात. २०१६ चे शिकागो कब्ज हे याचं पक्कं उदाहरण. १९०८ पासून त्यांना वर्ल्ड सिरीज जिंकता आली नव्हती. २५ जुलैला त्यांनी यांकीजकडून क्लोजर आरोल्डिस चॅपमन घेतला, तोही हंगाम संपताच फ्री एजंट होणारा. त्यासाठी आपल्या यादीतला पहिला मुलगा, शॉर्टस्टॉप ग्लेबर टोरेस, आणि वर आणखी तिघं दिले. तीन महिन्यांच्या रिलीव्हरसाठी हा भाव एप्रिलमध्ये कुणी दिला नसता. कब्ज त्या वर्षी जिंकले. टोरेस न्यूयॉर्कला जाऊन २०१८ आणि २०१९ मध्ये ऑल-स्टार झाला. चॅपमन त्याच डिसेंबरात पुन्हा यांकीजकडे गेला. दोन्ही शहरांना या सौद्याबद्दल आजही फारशी तक्रार नाही.

म्हणून गेममधला संघ पाच सामने पुढे असेल तर जुलैमध्ये जास्त मोजायची तयारी ठेवावी, आणि बारा सामने मागे असेल तर विकायला बसावं. सातत्याने मधल्या जागी राहून दोन्हीकडून फायदा उकळणारा संघ खऱ्या लीगमध्ये क्वचितच दिसतो. नोव्हेंबरचा बाजार वेगळाच असतो. तेव्हा संघांना ४० जणांच्या रोस्टरवर कुणाला जागा द्यायची हे ठरवावं लागतं, कारण बाहेर राहिलेल्या ठरावीक मुदतीच्या मुलांना रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा संघ उचलू शकतो. जागा अपुरी पडलेला संघ तयार होत आलेला मुलगा स्वस्तात देऊन सतरा-अठरा वर्षांचं कोवळं पोर घेतो, कारण त्याला अजून जागा द्यायची गरज नसते. गेममध्ये या दिवसांत फिरणारे फार थोडे. पण लहान संघ चालवणाऱ्याला इथे प्रामाणिकपणे काही मिळू शकतं.

काही नियम गेममध्ये असोत वा नसोत, पाळावेत. ड्राफ्टमध्ये नुकताच निवडलेला खेळाडू त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज संपेपर्यंत विकता येत नाही. बॉस्टनने ब्रेडन माँटगमरीला जुलै २०२४ च्या ड्राफ्टमध्ये घेतलं आणि डिसेंबरात गॅरेट क्रोशेसाठी शिकागो व्हाइट सॉक्सला दिलं, ते या नियमात बसवूनच. ड्राफ्टच्या नेहमीच्या फेऱ्या विकता येत नाहीत, फक्त कॉम्पिटिटिव्ह बॅलन्सच्या जादा निवडी विकता येतात. ज्याची मेजर लीगमध्ये दहा वर्षं झालीत आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, त्याला ट्रेड नाकारण्याचा हक्क असतो. सोटोच्या पहिल्या सौद्यातही असाच एक हक्क आडवा आला होता: सॅन डिएगोने आधी एरिक हॉस्मरला वॉशिंग्टनला पाठवायचं ठरवलं, करारातल्या हक्काने त्याने नकार दिला, म्हणून व्हॉइटचं नाव आलं. गेम हे विचारत नसेल तर खेळणाऱ्याने स्वतःलाच विचारावं: या वयाचा, या शहरात घर केलेला माणूस तळाच्या संघात जाईल का? जानी दुश्मनांबरोबरचे सौदेही मोजकेच असावेत. यांकीज आणि रेड सॉक्स यांच्यात २०१४ च्या जुलैमध्ये स्टीव्हन ड्रू आणि केली जॉन्सन यांची अदलाबदल झाली, ती १९९७ नंतरची पहिली.

एक मोठा मोह मात्र कुठलाच नियम रोखू शकत नाही, तो म्हणजे पुढचं माहीत असण्याचा. ‘आउट ऑफ द पार्क’मध्ये जुन्या काळातला कोणताही हंगाम निवडून तिथून इतिहास चालवता येतो. समजा कुणी १९८७ निवडलं आणि अटलांटा ब्रेव्ह्ज घेतला. त्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्सला पिचर हवा होता. ब्रेव्ह्जने त्यांना ३६ वर्षांचा डॉइल अलेक्झांडर दिला आणि वीस वर्षांचा एक मुलगा घेतला, जॉन स्मोल्ट्झ. अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि टायगर्स आपल्या गटात पहिले आले. स्मोल्ट्झ २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटचं काही चुकलं असं म्हणता येत नाही, आणि गेममध्ये हा सौदा आपण केला तर ते कौशल्य ठरत नाही. जुना काळ खेळताना स्मोल्ट्झसारख्या नावांवर स्वतःहून बंदी घालावी. त्याहून चांगलं म्हणजे खेळाडूंच्या पुढच्या वाटचालीचे गुण गेमला नव्याने ठरवू द्यावेत आणि स्काउटांची नजर अचूक नसेल अशी सेटिंग ठेवावी. मग समोरच्या मुलाबद्दल जे दिसतं ते अंदाजच राहतं, आणि अंदाज चुकतात. जुलै २०१८ मध्ये पिट्सबर्गनेच क्रिस आर्चरसाठी टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि पुढे शेन बाझ टॅम्पाला दिले. आज तो सौदा वाचवत नाही. त्या दिवशी ग्लासनाऊ बुलपेनमध्ये चाचपडत होता आणि आर्चर स्वस्त करारावरचा ओळखीचा पिचर होता.

आता एक सौदा जवळून पाहू. पिट्सबर्गच चालवतोय, तारीख २६ जुलै, संघ तीन सामने मागे. उजव्या हाताचा आउटफिल्डर हवा. सिनसिनाटीकडे एक आहे, गेमने तयार केलेला, वय २९. हंगामाला तीन विजयांइतकी त्याची भर, म्हणजे डब्ल्यूएआर ३. या वर्षी पगार ७० लाख डॉलर, पुढच्या वर्षी अंदाजे १ कोटी १० लाख, मग फ्री एजंट. सिनसिनाटी अकरा सामने मागे.

हिशेब कागदावर करावा. हंगामाचा एक तृतीयांश उरलाय, म्हणजे या वर्षी एक विजय, पुढच्या वर्षी तीन, एकूण चार. बाजारात एका विजयाला ८० लाख डॉलर मोजावे लागतात असं धरलं, तर हे झाले ३ कोटी २० लाख. त्यातून द्यायचा पगार वजा: या वर्षीचे उरलेले साधारण २३ लाख आणि पुढचे १ कोटी १० लाख. शिल्लक राहते पावणेदोन कोटींहून थोडी जास्त. ही झाली या खेळाडूची खरी किंमत.

समोर काय ठेवायचं? स्काउट मुलांना २० ते ८० या मापावर मोजतात, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. अभ्यासकांनी या दर्जांना डॉलरमध्ये बसवलं तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली: ५० दर्जाचा मुलगा साधारण २ कोटींच्या घरात जातो, ४५ चा अर्धा कोटीच्या आसपास येतो आणि ४० चा त्याहूनही पुष्कळ खाली. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. म्हणून चार साधारण मुलं मिळून एक चांगला होत नाही, आणि संगणकाला फसवणारी पहिल्या परिच्छेदातली युक्ती नेमकी इथेच खोटी ठरते. शिवाय चौघांना रोस्टरवर चार जागा लागतात, त्या सिनसिनाटीने कुणाला काढून द्यायच्या?

पडद्यावर संगणक दोन ४५ दर्जाच्या मुलांना राजी होतो. हात आवरावा. सिनसिनाटीचं पान उघडलं तर दिसतं की त्यांच्याकडे तीन तरुण आउटफिल्डर वाट पाहतायत (म्हणूनच हा २९ वर्षांचा सुटू शकतो), आणि सगळ्या संस्थेत एकही सांगण्यासारखा डावखुरा स्टार्टर नाही. पिट्सबर्गकडे डबल-ए या खालच्या लीगमध्ये बावीस वर्षांचा एक डावखुरा आहे, दर्जा ५०. त्याचं नाव टाकायला जीव होत नाही. पण सिनसिनाटीचा माणूस दुसरं काही मागणारच नाही. शेवटी सौदा असा ठरतो: डावखुरा जातो, आउटफिल्डर येतो, आणि भाव पिचरच्या बाजूने किंचित जड पडतो म्हणून सिनसिनाटी एक जादा रिलीव्हर देते. समोरच्याने ‘हो’ का म्हटलं, ते एका वाक्यात सांगता येतं: जागा नसलेला माणूस देऊन त्यांनी सहा वर्षं ताब्यात राहणारा पिचर मिळवला.

सेटिंगचं काम थोडक्यात. ‘आउट ऑफ द पार्क’मध्ये ट्रेड किती अवघड असावी हे ठरवता येतं, ते वरच्या पायऱ्यांवर ठेवावं. संगणकाने तरुणांना झुकतं माप द्यावं की अनुभवी खेळाडूंना, हेही ठरवता येतं. तरुणांकडचं माप खऱ्या बाजाराच्या जास्त जवळ जातं. ‘एमएलबी द शो’मध्ये तीसही संघ आपल्या हातात घेण्याची सोय आहे. ती फक्त इतर संघांचे वेडेवाकडे सौदे उलटवायला आणि खऱ्या बातमीतला सौदा आपल्या लीगमध्ये उतरवायला वापरली तर फार उपयोगाची. ज्यांना घरचे नियम हवेत त्यांनी दोनच घ्यावेत: हंगामात मोठे सौदे दोनपेक्षा जास्त नाहीत, आणि प्रस्ताव जुळल्यावर गेममधला एक आठवडा थांबून मगच होकार. त्या आठवड्यात एखादा पिचर जखमी होतो किंवा आउटफिल्डर पाच होम रन मारतो, आणि दर हलतो.

खऱ्या डेडलाइनचा, म्हणजे जुलैअखेरीला ट्रेडची मुदत संपते त्या दिवसाचा, अनुभव घ्यायचा तर तीही वाट आहे. २०२५ मध्ये ती ३१ जुलैला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सहाला होती, म्हणजे पुण्या-मुंबईत १ ऑगस्टच्या पहाटे साडेतीनला. न्यू जर्सीतल्या मराठी घरात ती रात्रीच्या जेवणाआधी आटोपते. त्या काही तासांत कोणत्या संघाने काय मागितलं, काय मिळालं, हे टिपून ठेवलं तर पुढचं वर्षभर गेमसाठी ताजे दाखले हाताशी राहतात. गेमसाठीही एक वही ठेवून प्रत्येक सौद्याखाली दोन ओळी लिहाव्यात, एक आपल्या बाजूने आणि एक समोरच्या शहराच्या वर्तमानपत्राच्या बाजूने.

पिट्सबर्गच्या त्या वहीत सिनसिनाटीच्या सौद्याखाली दोन ओळी आहेत. आउटफिल्डरने सप्टेंबरात आठ होम रन मारले, संघ एका सामन्याने प्लेऑफला मुकला, आणि पुढच्या वर्षानंतर तो फ्री एजंट होऊन गेला. तीन हंगामांनी एप्रिलच्या एका थंड संध्याकाळी सिनसिनाटी पिट्सबर्गला येते आणि माउंडवर तोच डावखुरा उभा असतो, आता पंचवीस वर्षांचा. पहिल्या डावात तो तिघांना बाद करतो. खेळणारा वही पुढे ओढतो आणि त्या पानावर तिसरी ओळ लिहायला घेतो.